सारायेव्होचे तांबडे गुलाब

बोस्निया व हर्झेगोव्हिना या देशाची राजधानी सारायेव्हो एखाद्या खोल परातींत मांडल्यासारखी वसली आहे. मधून मिल्यात्स्का नांवाची उथळ नदी वाहते, तिच्या दोन्ही तीरांनीं लांबट पट्टीसारखी वस्ती पसरली आहे, आणि चोहों बाजूंस डोंगरांची कड उभी आहे. दक्षिणेकडचा त्रेबेविच डोंगर तर इतका जवळ आहे कीं, बाजारांत उभें राहून त्याच्या उतारावरील घरांच्या खिडक्या मोजाव्या. युरोपची यात्रा करणाऱ्या आपल्याकडील मंडळींस रोम, पॅरिस, व्हिएन्ना यांची माहिती पुष्कळ असते; या लहानशा नगराची वाट मात्र थोडेच धरतात. नदीवरील लॅटिन पुलापाशीं २८ जून १९१४ रोजीं ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि पहिल्या महायुद्धाची ठिणगी पडली, एवढीच या गांवाची ओळख आपणांस शाळेच्या पुस्तकांतून होते.

परंतु आम्ही येथें वाचकांपुढें मांडणार आहों ती हकीकत त्या खुनाची नव्हे. ती त्यानंतर अठ्ठ्याहत्तर वर्षांनीं सुरू झाली. माणसें भर रस्त्यांत मारलीं जात असतां गाणें, नाटक, चित्र यांचें काय करावें? तीं तूर्त बासनांत बांधून ठेवावींत, कीं तेव्हांच तीं बाहेर काढावींत? घरांत बसून या प्रश्नाचें उत्तर देणें सोपें आहे. सारायेव्होच्या फरसबंदीवरून चालतांना तें तितकेंसें सोपें राहात नाहीं.

तेथील जुन्या बाजारास बाश्चार्शिया म्हणतात. तुर्की अमदानींत तो वसला. लांकडी ठेंगणीं दुकानें, मध्यें एक पाणपोईवजा कारंजें, आणि त्याभोंवतीं कबुतरांचे थवे. येथून कांहीं मिनिटें चालत गेलें कीं, सोळाव्या शतकांत बांधलेली गाझी हुस्रेव्ह-बेगची मशीद, यहुद्यांचें जुनें प्रार्थनामंदिर, ऑर्थोडॉक्स पंथाचें देवालय आणि रोमन कॅथॉलिकांचें कॅथीड्रल हीं चारही लागतात. शाकाहारी प्रवाशाची येथें उपासमार होईल अशी धास्ती आम्हांस होती. पण चीज भरलेली सिर्नित्सा आणि पालक भरलेली झेल्यानित्सा या पापुद्र्यापापुद्र्यांच्या पदार्थांनीं ती दूर केली. वर तांब्याच्या लहानशा दांडीच्या भांड्यांतून कॉफी येते. तिच्याबरोबर साखरेचा खडा. ही कॉफी घाईनें प्यावयाची नसते, हें तेथील माणूस पाहुण्यास प्रथम शिकवितो.

बाजाराच्या एका अंगास तांबटांची आळी आहे. तिच्यांत शिरतांच हातोड्यांचा जो ठकठकाट कानीं पडला, त्यानें आम्हांस पुण्याच्या तांबट आळीची आठवण झाली. तपेल्या, तबकें, सुरया यांच्या रांगेंत कांहीं उभट पितळी नळकांडीं ठेवलेलीं होतीं. त्यांच्यावर वेलबुट्टी कोरलेली होती, शहरांतील पुलांचीं व मिनारांचीं चित्रें होतीं. फुलदाण्या म्हणून आम्हीं एक हातांत घेतली. तों कळलें कीं, तें तोफेच्या गोळ्याचें टरफल आहे. युद्ध संपल्यावर हें धातू शहरांत रगड पडलेलें होतें, आणि कारागिरानें तें आपल्या धंद्याचें सामान करून टाकलें. तें सुंदर म्हणावें कीं भयंकर म्हणावें, हें आमच्यानें ठरवेना. तें नळकांडें आम्हीं परत जागेवर ठेवलें.

हीं टरफलें येथें कशीं आलीं तें सांगितलें पाहिजे. युगोस्लाव्हिया मोडत असतां १९९२ च्या मार्चमध्यें बोस्नियानें सार्वमत घेऊन स्वातंत्र्य जाहीर केलें. ज्यांना तें नको होतें त्या सर्ब राष्ट्रवादी पक्षाच्या फौजेनें, जुन्या युगोस्लाव्ह सैन्याच्या तोफा हाताशीं घेऊन, सभोंवतालच्या टेकड्या धरल्या. ज्या डोंगरांनीं शहरास शोभा आणली होती त्यांनींच त्याला उघडें पाडलें. ५ एप्रिल १९९२ पासून २९ फेब्रुवारी १९९६ पर्यंत, म्हणजे १४२५ दिवस, हा वेढा चालला. वीज, पाणी, गॅस तोडण्यांत आलीं. सरासरीनें दिवसाला तीनशेंहून अधिक गोळे शहरावर पडत, आणि २२ जुलै १९९३ या एका दिवसांत ३,७७७ पडल्याची नोंद आहे. उंच इमारतींतून नेमबाज लपून बसत व चौक ओलांडणारीस, पाण्याची बादली नेणाऱ्यास टिपीत. विमानतळाच्या धांवपट्टीखालून सुमारें आठशें मीटर लांबीचें, ताठ उभें राहतां येणार नाहीं इतक्या उंचीचें भुयार हातांनीं खणून १९९३ साली शहरानें श्वास घेण्यापुरती वाट काढली. वेढ्यांत सांपडलेल्यांत मुसलमान होते, क्रोएट होते, यहुदी होते, आणि आपलें गांव न सोडलेले सर्बही होते. अकरा हजारांहून अधिक माणसें मेलीं.

बाजारांतून पश्चिमेकडे फेरहादिया नांवाचा पादचाऱ्यांचा रस्ता जातो. २७ मे १९९२ रोजीं तेथें पावासाठीं लोक रांगेंत उभे असतां गोळे येऊन पडले आणि वीसांहून अधिक माणसें जागच्या जागीं ठार झालीं. सारायेव्होच्या ऑपेरांतील व्हेद्रान स्माइलोविच या वादकानें त्यानंतर जें केलें तें पुढें जगभर गाजलें. चेलो हें व्हायोलिनच्या कुळांतील, पण आकारानें थोरलें वाद्य. बसून, गुडघ्यांमध्यें धरून, गजानें वाजवावयाचें. मैफलीस जातांना घालावयाचा काळा पोशाख अंगावर चढवून हा गृहस्थ त्या ठिकाणीं येऊन बसला आणि वाजवूं लागला. पुढेंही तो पडक्या इमारतींत, दफनविधींच्या वेळीं, असा वाजवीत राहिला. त्यानें निवडलेली चीज 'आल्बिनोनीचें अडाजिओ' या नांवानें प्रसिद्ध आहे. आल्बिनोनी हा अठराव्या शतकांतील व्हेनिसचा रचनाकार. परंतु ही रचना १९५८ साली प्रसिद्ध केली ती रेमो जिआझोतो या इटालियन विद्वानानें. ड्रेस्डेनच्या ग्रंथालयांतून आल्बिनोनीचा एक तुकडा मिळाला व त्यावरून आपण ती सिद्ध केली, असें त्यानें सांगितलें. तें ड्रेस्डेन म्हणजे १९४५ साली बाँबवर्षावांत जळून गेलेलें शहर. पुढें संगीतज्ञांचें मत असें झालें कीं, ही सारी रचना जिआझोतोचीच आहे. तरीही भग्न शहरांतून वांचलेली म्हणून जिची ख्याति, ती चीज दुसऱ्या भग्न होत असलेल्या शहरांत वाजली, यांत कांहीं औचित्य आहेच.

या वादनाची वार्ता पसरल्यावर डेव्हिड वाइल्ड या इंग्रज संगीतकारानें त्यावर एक स्वतंत्र रचना केली व यो-यो मा यांनीं ती १९९४ मध्यें मँचेस्टर येथें वाजविली. पुढें स्टीव्हन गॅलोवे या कॅनडाच्या लेखकाची कादंबरी २००८ साली निघाली. तेव्हां मात्र स्माइलोविच संतापले. १९९३ मध्येंच ते शहर सोडून उत्तर आयर्लंडमध्यें जाऊन राहिले होते, आणि आपलें जगणें आपणांस न विचारतां दुसऱ्यानें गोष्टींत घातलें, अशी त्यांची तक्रार होती. ही तक्रार ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. दूरच्या वाचकास ती कथा गोड लागते. दुःखावर कलेनें विजय मिळविला असें म्हणून तो पुस्तक मिटतो. पण गज फिरत असतां टेकडीवरची तोफ थांबली नव्हती, आणि पावाच्या रांगेंत मेलेल्यांपैकीं कोणी उठून बसलें नाहीं.

याहून कठीण गोष्ट पुढें आहे. टेकडीवरील फौजेचे राजकीय पुढारी रादोव्हान काराजिच हे स्वतः कवि होते. धंद्यानें ते मनोविकारांचे वैद्य, राहणारे याच शहरांतले, आणि त्यांचे काव्यसंग्रह प्रसिद्ध झालेले होते. त्यांचे सहकारी निकोला कोल्येविच हे शेक्सपीअरचे पंडित, सारायेव्होच्याच विद्यापीठांत शिकविणारे. भर्तृहरीनें साहित्य, संगीत व कला यांवांचून असलेल्या मनुष्यास पशूंत काढलें आहे, आणि आपण सर्वांनीं तें लहानपणीं पाठ केलें आहे. पण या तिन्हींची गोडी असूनही मनुष्य काय काय करूं शकतो, हें सारायेव्होनें पाहिलें. हेग येथील न्यायालयानें काराजिच यांस २०१६ मध्यें वंशसंहार व मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांबद्दल दोषी ठरविलें, आणि २०१९ मध्यें अपिलांत शिक्षा वाढवून जन्मठेप दिली. तेव्हां कलेच्या नुसत्या सहवासानें माणूस सुधारतो, ही आपली समजूत या शहरीं तरी टिकत नाहीं. मग कला कोणत्या कामाची?

नदीकांठीं व्हियेच्नित्सा नांवाची पिवळ्या-तांबड्या पट्ट्यांची भव्य इमारत आहे. ऑस्ट्रियाच्या राजवटींत १८९६ साली ती नगरभवन म्हणून उघडली. पुढें तेथें राष्ट्रीय ग्रंथालय आलें. १९९२ च्या ऑगस्टांत, २५ व २६ तारखांच्या दरम्यान, तिच्यावर आगीचे गोळे टाकण्यांत आले. लक्षावधि ग्रंथ जळाले. लोकांनीं साखळी करून हातोहात जेवढीं पुस्तकें बाहेर काढतां आलीं तेवढीं काढलीं. जळक्या कागदांची राख शहरावर पडत राहिली. ग्रंथाला शत्रु समजून त्यावर तोफ डागणारा कांहीं अडाणी नसतो. ग्रंथांत काय आहे हें तो पक्कें जाणतो. एकाच फळीवर चार धर्मांच्या माणसांनीं लिहिलेलीं पुस्तकें शेजारीं शेजारीं बसलेलीं होतीं, आणि तो शेजारच त्याला नको होता.

याच जळक्या भिंतींच्या आंत १९ जून १९९४ रोजीं सारायेव्होच्या वाद्यवृंदानें व गायकवृंदानें मोझार्टचें 'रेक्विएम', म्हणजे मृतांसाठींचें प्रार्थनासंगीत, सादर केलें. गायकांत होसे कारेरास होते, आणि संचालन झुबिन मेहता यांचें होतें. मुंबईंत १९३६ साली जन्मलेले, मुंबईचा सिंफनी वाद्यवृंद स्थापन करणाऱ्या मेहली मेहतांचे हे चिरंजीव. वेढा तेव्हां उठलेला नव्हता. वृंदांतील वादक दोन वर्षें त्याच शहरांत उपाशी-तापाशी राहिलेले होते. मोझार्ट १७९१ मध्यें वारला तेव्हां ही रचना अपुरी राहिली होती व शिष्यानें ती पुरी केली, हें संगीताच्या जाणकारांस ठाऊक आहेच. व्हियेच्नित्सा ९ मे २०१४ रोजीं पुन्हां उघडली. आज तिच्या रंगीत कांचेच्या घुमटाखालीं उभें राहिलें तर जळल्याची खूण दिसत नाहीं. पुस्तकें मात्र परत आलेलीं नाहींत.

आमच्याबरोबर वाट दाखविण्यास एक बाई होत्या. वेढ्याच्या वेळीं त्या शाळेंत जाणाऱ्या वयाच्या होत्या. त्यांनीं आम्हांस नाटकगृहें दाखविलीं. १९९३ च्या ऑगस्टांत अमेरिकन लेखिका सुझन साँटॅग यांनीं येथें येऊन बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो' या नाटकाचा पहिला अंक तेथील नटांकडून बसविला. मेणबत्त्यांच्या उजेडांत तो झाला. कधींच न येणाऱ्या कोणाची तरी वाट पाहात बसलेल्या माणसांचें तें नाटक, आणि प्रेक्षक तर बाहेरच्या जगाच्या मदतीची वाट पाहात दीड वर्ष बसलेले. राष्ट्रीय नाट्यगृहासमोरील चौकास आतां साँटॅग यांचें नांव आहे. एरव्हींही तळघरांतून नाटकें होत, चित्रांचीं प्रदर्शनें होत, आणि १९९५ साली वेढा चालू असतांच चित्रपटमहोत्सव सुरू झाला, तो आजही दरसाल भरतो. एवढ्या धोक्यांत लोक नाटकास येत तरी कां, असें आम्हीं विचारलें. बाई सहज म्हणाल्या, "गोळा घरींही आला असता. तेथें निदान शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी असे."

या साध्या वाक्यानें आमच्या मनांतील प्रश्नाची एक गांठ सुटली. तोफ चालविणाऱ्याला खालीं माणसें दिसत नाहींत. त्याला नकाशावरचीं स्थळें दिसतात, आणि मेलेल्यांचे आंकडे कळतात. हिंसा प्रथम हेंच करते: माणसाची जागा काढून घेते आणि त्याला गणतींत टाकते. नाटकगृहांत जाऊन बसणारा माणूस म्हणत असतो कीं, ही माझी जागा, ही शेजाऱ्याची. पावाच्या रांगेच्या ठिकाणीं चेलो घेऊन बसणारा म्हणत असतो कीं, येथें कोणी उभें होतें. कलेनें मृत्यु टळत नाहीं. पण मृताची जागा पुसली जाऊं नये एवढें ती पाहूं शकते.

हें एकदां ध्यानीं आल्यावर शहरांतील पुष्कळ गोष्टी नव्यानें दिसूं लागल्या. मार्काले हा भाजीबाजार. ५ फेब्रुवारी १९९४ रोजीं एकाच गोळ्यानें येथें ६८ माणसें मारलीं. आजही तेथें भाजी विकली जाते, घासाघीस चालते. आणि मागील भिंतीवर मेलेल्यांचीं नांवें लिहिलेलीं आहेत. बाजार बंद करून स्मारक केलेलें नाहीं. कोबी निवडणाऱ्या बाईच्या पाठीशीं तीं नांवें उभीं असतात.

रस्त्यांवर ठिकठिकाणीं गोळा फुटल्याचे खळगे आहेत. मध्यें एक खोल खड्डा व भोंवतीं पाकळ्यांसारखे ओरखडे. जेथें माणसें मेलीं तेथले कांहीं खळगे तांबड्या राळेनें भरून घेतलेले आहेत. त्यांस 'सारायेव्होचे गुलाब' म्हणतात. त्यांवर कुंपण नाहीं, पाटी नाहीं. शाळेचीं मुलें त्यांवरून धांवत जातात. पायांखालच्या रहदारीनें रंग झिजतो, रस्ता नवा करतांना कित्येक गुलाब उखडले गेले, आणि कांहीं पुन्हां भरण्यांत आले. थोरल्या बागेंत मुलांचें एक स्मारक आहे. शिल्पकार मेन्सुद केचो. मध्यें हिरवट कांचेचे दोन आकार, जणूं आईनें लेंकराला पोटाशीं धरलें आहे, आणि भोंवतालच्या वर्तुळांत लहान पावलांचे ठसे. हीं पावलें मेलेल्या मुलांचीं नव्हत. त्यांच्या मागें राहिलेल्या भावंडांचीं आहेत. शेजारीं धातूचीं नळकांडीं आहेत, त्यांवर मुलांचीं नांवें. हातानें फिरविलीं म्हणजे तीं फिरतात. तांबट आळींतील नळकांडें ठेवून देणाऱ्या आमच्या हातांनीं हीं मात्र सावकाश फिरवून पाहिलीं.

वेढ्याच्या आरंभास वीस वर्षें झालीं तेव्हां, ६ एप्रिल २०१२ रोजीं, हारिस पाशोविच या नाट्यदिग्दर्शकानें शहराच्या मुख्य रस्त्यावर ११,५४१ तांबड्या खुर्च्या मांडविल्या. मेलेल्या प्रत्येक माणसामागें एक. त्यांच्यासमोर वाद्यवृंद व गायकवृंद यांनीं आपली मैफल सादर केली, आणि सारी सभा रिकामी होती. मुलांसाठीं लहान खुर्च्या होत्या. येणारीजाणारीं त्यांवर फुलें, खेळणीं, पुस्तकें ठेवून गेलीं. अकरा हजार हा आंकडा वाचतां येतो, पण डोळ्यांसमोर येत नाहीं. खुर्च्या तो आणतात. आपल्याकडे पितृपक्षांत गेलेल्यांच्या नांवाचें पान मांडतात. जेवावयास कोणी यावयाचें नसतें हें सर्वांस ठाऊक असतें, तरी पान वाढल्यावांचून राहवत नाहीं. त्या खुर्च्यांचा अर्थ आपल्या घरांतील आजीबाईसही समजावून सांगावा लागणार नाहीं.

येथेंच लेख संपवितां आला असता. पण तिसऱ्या दिवशीं आम्ही त्रेबेविचवर गेलों. २०१८ साली पुन्हां सुरू झालेल्या दोरवाटेनें वर जावयास थोडीच मिनिटें लागतात. वर देवदाराच्या झाडींत १९८४ च्या हिंवाळी ऑलिंपिकसाठीं केलेली काँक्रीटची घसरवाट पडून आहे. तिच्यावर आतां तरुणांनीं रंगीत चित्रें काढलीं आहेत. त्या खेळांच्या झेत्रा मंडपाशेजारचें मैदान वेढ्यांत दफनभूमि झालें. वरून सारें शहर तळहातावर असल्यासारखें दिसतें. इतक्या जवळून ज्यांनीं गोळे टाकले त्यांना छपरें व रस्ते स्पष्ट दिसत असले पाहिजेत, हा विचार येऊन आम्ही कांहीं वेळ बोललों नाहीं.

याच डोंगरावर काझानी नांवाची एक घळ आहे. शहराचें रक्षण करणाऱ्या सैन्याच्याच एका तुकडीच्या कांहीं सैनिकांनीं वेढ्याच्या पहिल्या काळांत शहरांतील नागरिकांस, बहुतांशीं सर्बांस, ओढून आणून मारलें व येथें टाकलें. शहर त्याविषयीं पुष्कळ वर्षें मोठ्यानें बोलत नसे. २०२१ मध्यें नगरपालिकेनें तेथें स्मारक उभारलें. त्यावर बळींचीं नांवें आहेत. त्यांना कोणी मारलें हें मात्र लिहिलेलें नाहीं, आणि त्याबद्दल शहरांतल्याच अनेकांनीं दोष दिला. दुसऱ्या बाजूस, डोंगरापलीकडील पाले या गांवीं २०१६ साली विद्यार्थ्यांच्या वसतिगृहास काराजिच यांचें नांव देण्यांत आलें. तो फलक २०२० च्या डिसेंबरांत उतरविण्यांत आला. दोन्ही गुन्हे सारखे नव्हत. एका घळींतील हत्या आणि चार वर्षांचा वेढा एका मापानें मोजणें हा अन्याय होईल. पण आपल्या माणसांनीं मारलेल्यांसाठींही आपल्याच सभेंत खुर्ची मांडणें, ही परीक्षा फार अवघड आहे, आणि ज्या शहरानें एवढें सोसलें तें ती अर्धीमुर्धी तरी देऊं लागलें आहे. स्वतःच्या दुःखावर गाणें कोणीही रचील. टेकडीवरचे कविही आपल्या जातीच्या दुःखाचींच गाणीं गात होते. त्यांच्या गाण्यांत शेजाऱ्यासाठीं जागा नव्हती, एवढाच फरक होता, आणि तो सर्वांत मोठा होता.

वाचकांपैकीं कोणी कधीं व्हिएन्ना वा व्हेनिसपर्यंत गेले तर त्यांनीं आणखी थोडें पुढें जाऊन दोन-तीन दिवस या शहरास द्यावेत, अशी आमची शिफारस आहे. मेमध्यें हवा चांगली असते, उतरावयास स्वस्त जागा मिळते, आणि पायीं हिंडण्याजोगें गांव आहे. फेरहादियावरून चालतांना मात्र दुकानांच्या कांचांकडे पाहतां पाहतां अधूनमधून खालीं पाहावें. एखादा गुलाब इतका झिजलेला असतो कीं, तांबूस डाग एवढेंच वाटावें. एखादा नुकताच भरलेला, ओला असल्यासारखा चकाकत असतो. तो भरणारा कामगार बादली व थापी घेऊन गुडघे टेकून बसतो, आणि लोक त्याला वळसा घालून जातात. कांहीं वर्षांनीं रंग उडेल तेव्हां पुन्हां कोणाला तरी तसेंच बसावें लागेल.